लाकडावर इपॉक्सी रेझिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इपॉक्सीचा हात दिलेलं लाकूड पाहिलं की नजर आधी चकाकीवर जाते. ती चकाकी रेझिन नीट पसरलं की आपोआप येते. कस लागतो तो काम टिकण्याचा, आणि त्याचा बराचसा निकाल डबा उघडण्याआधीच लागलेला असतो: लाकूड किती कोरडं आहे, किती स्वच्छ आहे, त्याच्या कोणत्या बाजू उघड्या राहणार आहेत. म्हणून खालच्या उत्तरांत ओतण्यापेक्षा तयारीबद्दल जास्त लिहिलं आहे.

इपॉक्सी आणि वार्निश यांत नेमका फरक काय?

वार्निश किंवा लाखेचं पॉलिश सुकतं तेव्हा त्यातला द्रव उडून जातो आणि मागे पातळ पापुद्रा राहतो. इपॉक्सीत उडून जाण्यासारखं जवळपास काही नसतं. रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर असे दोन भाग एकत्र आले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि द्रवाचा घन होतो. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. एकदा घट्ट झालेलं इपॉक्सी तापवून पुन्हा वितळत नाही, फार तर मऊ पडतं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे जेवढं ओताल तेवढीच जाडी राहते, त्यामुळे वार्निशचे कितीतरी हात देऊन जी जाडी येते ती इपॉक्सीच्या एका ओतीत मिळते. दुसरी म्हणजे प्रमाण चुकलं तर ‘आणखी थोडे दिवस सुकू दे’ हा उपाय चालत नाही, कारण इथे सुकणं हा प्रकारच नाही.

इपॉक्सीने लाकूड खरंच सुरक्षित होतं का?

होतं, पण एका अटीवर, आणि ती अट बहुतेक जण पाळत नाहीत.

लाकडाचं सगळं दुखणं पाण्यापासून सुरू होतं. हवेतला दमटपणा वाढला की लाकूड तो शोषून फुगतं, हवा कोरडी झाली की आकसतं. रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने ही हालचाल नगण्य असते, पण रुंदीत चांगलीच जाणवते. त्यातही वाढीच्या वर्तुळांना समांतर होणारं आकुंचन त्यांना छेदून जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं, म्हणून फळी वाकते, तिला बाक येतो, टोकाला भेगा पडतात. कुजवणाऱ्या बुरशीलाही ओल लागते. लाकडातलं पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर ती सहसा वाढू शकत नाही.

इपॉक्सी पाण्याची वाफ आत-बाहेर जाण्याचा वेग खूप कमी करतं. पण फळीला वर, खाली, चार कडा अशा सहा बाजू असतात. फक्त वरच्या बाजूला काचेसारखा थर दिला आणि खालची बाजू कोरी ठेवली, तर ओल खालून निर्धास्त शिरते. खालची बाजू फुगते, वरची तशीच राहते आणि टेबल होडीसारखं वाकतं. दोष रेझिनला दिला जातो, खरं कारण उलट्या बाजूला असतं. सर्वांत जास्त पाणी पितं ते आडवं कापलेलं टोक, कारण तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. तिथे एक हात कधीच पुरत नाही. दोन-तीन हात द्या आणि प्रत्येक वेळी ‘आणखी पितंय का’ हे थांबून बघा. स्क्रूसाठी पाडलेली भोकंही आतून रेझिनने माखायला विसरू नका.

हा विचार होड्या बांधणाऱ्यांकडून आलेला आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या गुजॉन बंधूंनी १९७० मध्ये ‘अडाजिओ’ नावाची तीन तळांची शिडाची होडी बांधली. लाकडाचे तुकडे इपॉक्सीने जोडले आणि लाकूड सगळ्या बाजूंनी इपॉक्सीने बंद केलं. ती होडी पुढे कित्येक दशकं पाण्यावर फिरत राहिली. लाकूड आधी कोरडं होतं आणि नंतर ते कोरडंच राहिलं, एवढंच त्यामागचं सूत्र आहे.

लाकूड किती कोरडं हवं?

घरातल्या फर्निचरसाठी ८ ते १० टक्के ओल उत्तम, १२ टक्क्यांच्या वर गेलं तर थांबा. लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, त्याच्या दोन सुया लाकडात टोचल्या की आकडा दिसतो. एकाच जागी टोचून समाधान मानू नका. जाड फळीचा पृष्ठभाग कोरडा आणि गाभा ओला असं सर्रास असतं. शक्य असेल तर टोकाचा एक तुकडा कापून आतल्या ताज्या भागावर मोजा.

ओल्या लाकडावर इपॉक्सी दिलं तर जे पाणी बाहेर ठेवायचं ते आपणच आत कोंडतो. मग थर ढगाळ दिसतो, जागोजागी सुटतो आणि आत लाकूड गुपचूप कुजत राहतं. उघडं ठेवलं असतं तर निदान सुकलं तरी असतं.

घराबाहेरच्या लाकडाला चालतं का?

एकटं इपॉक्सी चालत नाही. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी ते आधी पिवळं पडतं, मग वरून खडूसारखी भुकटी सुटू लागते, शेवटी थराला तडे जातात. डब्यावर अतिनील संरक्षक असल्याचं लिहिलेलं असलं तरी पिवळेपणा फक्त पुढे ढकलला जातो, तो टळत नाही.

उपाय आहे आणि तो जुना, खात्रीचा आहे: इपॉक्सी पूर्ण घट्ट झाल्यावर धुवून, घासून त्यावर अतिनील किरण अडवणाऱ्या वार्निशचे किंवा दोन घटकांच्या पॉलियुरेथेनचे हात द्यायचे. पाणी रोखण्याचं काम इपॉक्सीचं, ऊन झेलण्याचं काम वार्निशचं. वार्निश झिजतं, म्हणून ठरावीक काळाने ते हलकं घासून पुन्हा द्यावं लागतं. खालचं इपॉक्सी मात्र शाबूत राहतं.

पाऊस आणि ऊन दोन्ही थेट झेलणारी आडवी जमीन, पायऱ्या किंवा उघड्यावरची बाकं यांना मी इपॉक्सी सुचवणार नाही. तिथे एखादी बारीक भेग पडायचा अवकाश, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. अशा जागी आत मुरणारं तेल बरं. ते दरवर्षी पुन्हा लावावं लागतं, पण त्याचे पापुद्रे निघत नाहीत.

दुकानात रेझिनचे बरेच प्रकार असतात. कोणतं घ्यायचं?

पृष्ठभागावर थर द्यायला कोटिंगचं रेझिन घ्या. ते दाटसर असतं, कडेवर थोडं टिकून राहतं आणि साधारण एका दिवसात हाताला कोरडं लागतं. फळ्यांमधली खोल पोकळी भरायचं कास्टिंगचं रेझिन पाण्यासारखं पातळ आणि अतिशय संथ असतं. ते पातळ थरात दिलं तर पुरेशी उष्णताच तयार होत नाही, आणि दिवसेंदिवस चिकट राहतं. उलट कोटिंगचं रेझिन खोल खड्ड्यात ओतलं तर इतकं तापतं की पिवळं पडून तडकतं. एका ओतीत किती मिमी जाडी चालते हे डब्यावर लिहिलेलं असतं. हा आकडा गांभीर्याने घ्या.

पॉलिस्टर रेझिन वेगळं. त्याला उग्र वास असतो, ते घट्ट होताना जास्त आकसतं आणि लाकडाला इपॉक्सीइतकं धरत नाही.

किती रेझिन लागेल?

एक चौरस मीटरवर १ मिमी जाडीसाठी १ लिटर. टेबलावर ओतायची बहुतेक रेझिनं २ ते ३ मिमी जाडीला आपसूक समतल होतात. समजा फळा दीड मीटर लांब आणि ८० सेंमी रुंद आहे, म्हणजे १.२ चौरस मीटर. २ मिमी थर हवा असेल तर २.४ लिटर लागेल. कडांवरून ओघळणारं आणि भांड्याला चिकटून राहणारं धरून दहा-पंधरा टक्के जास्त घ्या. लाकूड बंद करायचा पहिला पातळ हात आणि खालची बाजू यांचा हिशेब वेगळा. मध्येच रेझिन संपणं ही फार वाईट वेळ असते.

लाकडाची तयारी कशी करायची?

रंधा मारून झाल्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा, मग १२०, आणि १५० वर थांबा. त्यापुढे लाकूड गुळगुळीत करत बसलात तर रेझिनला धरायला काही उरत नाही. शेवटचा हात रेषेच्या दिशेनेच फिरवा. आडवे ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, रेझिन पडताच उठून दिसतात. ते शोधायची सोपी युक्ती म्हणजे खोलीतला दिवा बंद करून बॅटरीचा झोत फळीला जवळजवळ समांतर धरायचा. प्रत्येक ओरखडा सावली टाकतो.

मग धूळ. आधी व्हॅक्यूमने, नंतर कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने. काही लोक कॉम्प्रेसरची हवा मारतात. त्या हवेत तेलाचा अंश असतो आणि तो नंतर खड्ड्यांच्या रूपाने समोर येतो.

गाठी, फटी, किड्यांची भोकं आधी भरून घ्या. थोड्या रेझिनमध्ये त्याच लाकडाचा बारीक भुसा कालवून लुगदी करा आणि पटाशीच्या टोकाने दाबून भरा. भरलेली जागा लाकडापेक्षा गडद दिसते हे लक्षात ठेवा. मोठी भेग आरपार गेली असेल तर खालून टेप लावून घट्ट दाबा, नाहीतर रात्रभरात रेझिन गळून जातं.

जुन्या पॉलिशवरच इपॉक्सी दिलं तर?

इपॉक्सी त्या पॉलिशला धरेल आणि पॉलिश लाकडाला जेवढं धरून आहे तेवढंच सगळं टिकेल. मेण, फर्निचरचं पॉलिश किंवा जुनी लाख असेल तर कोऱ्या लाकडापर्यंत घासा. रंग द्यायचा असेल तर पाण्यातला किंवा स्पिरिटमधला घ्या आणि तो पूर्ण सुकू द्या. तेलातला रंग वापरलाच तर किमान तीन दिवस थांबा आणि एका टाकाऊ तुकड्यावर पूर्ण प्रयोग करून बघा.

साग आणि शिसवासारख्या तेलकट लाकडाचं काय?

त्यांच्या अंगात नैसर्गिक तेल असतं, तेच रेझिनला दूर ठेवतं. घासून झाल्यावर स्वच्छ पांढऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन पुसा, कापड पिवळं येईनासं होईपर्यंत. ॲसिटोन उडून गेलं की लगेच पहिला हात द्या. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर आतलं तेल पुन्हा वर येतं. ॲसिटोन भडका घेणारं आहे, तेव्हा जवळपास ज्योत नको आणि खिडक्या उघड्या हव्यात.

प्रमाण कसं मोजायचं, वजनाने की मापाने?

उत्पादकाने जसं सांगितलं असेल तसंच. दोन्ही एकच आहेत असं समजून चालू नका. हार्डनर सहसा रेझिनपेक्षा हलका असतो. समजा डब्यावर मापाने २ : १ लिहिलं आहे, रेझिनची घनता १.१५ आहे आणि हार्डनरची ०.९७. तर वजनाने ते प्रमाण १०० : ५० न होता १०० : ४२ होतं. वजनकाट्यावर ‘अर्धा’ हार्डनर घातलात तर जवळपास एक पंचमांश जास्त पडला.

ढवळणं हा या कामातला सगळ्यात कमी लेखला जाणारा भाग आहे. सपाट काडी घ्या, तीन मिनिटं शांतपणे ढवळा, भांड्याची बाजू, तळ आणि तळाचा कोपरा पुन्हापुन्हा खरवडा. सुरुवातीला मिश्रणात साखरेच्या पाकासारख्या रेघा पोहताना दिसतात. त्या पूर्ण नाहीशा व्हायला हव्यात. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून आणखी मिनिटभर ढवळा. पहिल्या भांड्याच्या भिंतीला जे चिकटलेलं असतं ते नीट मिसळलेलं नसतं, आणि नेमकं तेच खरवडून फळीवर टाकलं की तिथे कायमचा चिकट डाग राहतो. भांडं फळीवर पालथं घालून निथळायला ठेवण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

हार्डनर जास्त घातला तर काम लवकर होईल का?

नाही. रेझिनच्या प्रत्येक रेणूला ठरावीक हार्डनर लागतो. जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना तसाच पडून राहतो आणि थर मऊ किंवा चिवट राहतो. वेग वाढवायचा तर उष्णता वाढवा. ढोबळ मानाने तापमान १० अंशांनी वाढलं की वेग दुप्पट होतो.

भांड्यातलं मिश्रण तापून धूर येऊ लागला. काय झालं?

क्रियेतून निघालेली उष्णता भांड्यात अडकली, तिने क्रियेला वेग दिला, त्यातून आणखी उष्णता निघाली. रेझिनचा गोळा जितका मोठा तितकं हे लवकर होतं. म्हणून ढवळून झालं की भांड्यात न ठेवता लगेच फळीवर ओता, तिथे पसरलेल्या पातळ थरातून उष्णता निघून जाते. डब्यावर लिहिलेला ‘४० मिनिटं’ हा अवधी ठरावीक वजनाच्या, ठरावीक तापमानाच्या मिश्रणासाठी असतो. दोन लिटर एकदम कालवलंत आणि दिवस गरम असेल तर निम्मी वेळही मिळणार नाही.

धूर आलाच तर भांडं हातात धरून बसू नका. प्लॅस्टिकचं भांडं वितळून हातावर येऊ शकतं. जाड हातमोजे घालून ते बाहेर उघड्यावर, फरशीवर किंवा मातीवर ठेवा, जवळ जळण्यासारखं काही नको, वाफ नाकात जाऊ देऊ नका. धग पूर्ण निवेपर्यंत कचऱ्यात टाकू नका.

बुडबुडे का येतात आणि कसे टाळायचे?

बुडबुडे दोन जागांहून येतात. ढवळताना शिरलेली हवा ही साधी अडचण, ती वर येते आणि फुटते. त्रास देते ती लाकडातून निघणारी हवा. सच्छिद्र लाकडात, विशेषतः गाठीभोवती, हवा भरलेली असते. लाकूड तापलं की ती प्रसरण पावते आणि रेझिनमधून वाट काढते. नीट पाहिलंत तर गाठीच्या कडेला एकाच बिंदूतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग उठताना दिसतात. तुम्ही ज्योत फिरवून फोडता, मिनिटभरात तिथेच नवा येतो. अशा जागी जास्त ज्योत मारली तर लाकूड आणखी तापतं आणि आणखी हवा सोडतं.

म्हणून आधी लाकूड बंद करायचा पातळ हात. चौरस मीटरला १५० ते २०० मिली रेझिन ओता, रबरी पट्टीने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने दाबून घासत पसरा आणि जास्तीचं ओढून घ्या. या हातात चकाकी शोधू नका, छिद्रं भरणं एवढंच त्याचं काम. गाठींवर पुन्हा एकदा दाबून फिरवा.

वेळ निवडणं याहून मोलाचं. तापमान उतरत असताना काम सुरू करा, म्हणजे दुपार कलल्यावर. लाकूड थंड होत असेल तर आतली हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. सकाळी सुरू केलंत आणि ऊन चढत गेलं तर याच्या उलट होतं. यासाठी एक पैसा लागत नाही, फक्त घड्याळ पाहावं लागतं.

वरचा जाड थर ओतल्यावर गॅसची छोटी टॉर्च १० ते १५ सेंमी उंचीवरून भराभर फिरवा, एका जागी क्षणभरही थांबवू नका. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत दोन-तीन फेऱ्या पुरतात. रेझिन दाट होऊ लागल्यावर हात लावू नका. केस वाळवायचा ड्रायर नको, त्याच्या झोताने धूळ बसते आणि लाटा उठतात.

दुसरा हात कधी द्यायचा? मध्ये घासावं लागतं का?

पहिला हात घट्ट झालाय पण अजून किंचित चिकट आहे, हातमोज्याचं बोट दाबल्यावर ठसा उमटतो पण बोटाला रेझिन लागत नाही, अशी वेळ गाठलीत तर घासायची गरज नाही. दोन थर रासायनिकरीत्या एकजीव होतात. बऱ्याच रेझिनसाठी ही वेळ ४ ते १२ तासांच्या दरम्यान असते. ती निघून गेली तर पूर्ण घट्ट होऊ द्या, धुवा, २२० नंबरने पूर्ण पृष्ठभाग एकसारखा पांढुरका होईपर्यंत घासा, पुसा आणि मग ओता. एखादी चमकदार जागा घासायची राहिली तर थर पुढे तिथूनच सुटतो.

ओतण्याआधी पाणसळ ठेवून फळी दोन्ही दिशांनी सपाट आहे का ते बघा. रेझिन तासन्‌तास वाहत असतं, उतार लहान असला तरी त्याला सापडतो. खालच्या कडेला आतल्या बाजूने मास्किंग टेप लावलीत तर थेंब टेपवर जमतात, आणि रेझिन रबरासारखं असताना टेप ओढली की साफ निघतात.

घट्ट झाल्यावर वर मेणचट थर आला आहे. तो काय?

हवा दमट किंवा थंड असेल तर हार्डनरमधली अमाइन नावाची रसायनं हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया करतात आणि वर असा थर जमतो. तो पाण्यात विरघळतो. कोमट पाणी आणि खरखरीत स्पंज घेऊन धुवा, स्वच्छ कापडाने कोरडं करा. घासण्याआधी धुणं महत्त्वाचं, कारण आधी पॉलिश पेपर मारलात तर तो मेणचटपणा ओरखड्यांत भरला जातो. कामाच्या खोलीत २० ते ३० अंश तापमान आणि ७० टक्क्यांच्या खाली दमटपणा असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

दोन दिवस झाले तरी चिकट आहे. आता?

खोली थंड असेल तर आधी ती २५ अंशांच्या आसपास ठेवून आणखी एक-दोन दिवस बघा. सुधारणा नसेल तर प्रमाण चुकलं किंवा ढवळणं अपुरं पडलं. वरून नवा थर ओतून झाकण्याचा मोह आवरा, खाली कच्चं रेझिन तसंच राहतं. पत्र्याच्या खरवडणीने सगळं ओलं रेझिन काढा, राहिलेलं ॲसिटोनने पुसा, पृष्ठभाग घासा आणि नव्याने ओता.

ओतल्यावर जागोजागी गोल खड्डे पडले.

तिथे तेल, मेण किंवा सिलिकोन आहे. बोटाचा ठसासुद्धा पुरतो. शेजारी सिलिकोनचा फवारा कधी मारला असेल तर तोही. थर घट्ट झाल्यावर घासा, पुसा आणि पुन्हा पुरेशा जाडीचा हात द्या.

गरम भांडं ठेवलं तर चालेल का?

नको. फर्निचरवर वापरली जाणारी बहुतेक इपॉक्सी ५० ते ६५ अंशांच्या आसपास मऊ होऊ लागतात. उकळत्या चहाचा कप त्याहून गरम असतो. मऊ झालेल्या थरावर वजन असेल तर वर्तुळ उमटतं. कधी थंड झाल्यावर ते हळूहळू भरून येतं, कधी कायम राहतं. खाली चकती ठेवा. पहिल्या आठवड्यात तर काहीच जड किंवा गरम ठेवू नका. हाताला कोरडं लागणं आणि पूर्ण पक्कं होणं यांत साधारण सात दिवसांचं अंतर आहे, थंडीत त्याहून जास्त.

खाण्याच्या वस्तूंसाठी चालतं का?

त्या विशिष्ट उत्पादनाला अन्नसंपर्काचा दाखला असेल आणि ते बरोबर प्रमाणात कालवून पूर्ण पक्कं झालं असेल तर ताट-तबक म्हणून चालतं. चिरायच्या पाटाला मात्र कधीही देऊ नका. सुरीने थर कापला जातो, त्याचे कण अन्नात जातात आणि फटींत ओल साचते.

वास तर फारसा येत नाही, मग काळजी कशाला?

हाच समज सर्वांत जास्त नुकसान करतो, म्हणून इथे जरा थांबतो. इपॉक्सीचा मुख्य धोका नाकापेक्षा त्वचेला आहे. कच्चं रेझिन आणि हार्डनर यांचा स्पर्श वारंवार होत राहिला तर शरीराला त्याची ॲलर्जी जडू शकते. ती एका दिवसात येत नाही. महिनोन्‌महिने काहीच होत नाही आणि मग एके दिवशी मनगटावर, पापण्यांवर पुरळ उठतं, खाज सुटते. एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते आणि पुढे अगदी थोड्या स्पर्शानेही त्रास होतो. चांगल्या कारागिरांना यापायी हे काम सोडावं लागतं.

म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला आणि ते माखले की बदला. पूर्ण बाह्यांचे कपडे, डोळ्यांना चष्मा. हाताला लागलंच तर लगेच साबण आणि पाण्याने धुवा. थिनर किंवा ॲसिटोनने कातडी पुसू नका, ते रेझिनला त्वचेत आणखी आत नेतात. बंद खोलीत काम असेल तर सेंद्रिय वाफा रोखणारी नळकांडी बसवलेला मास्क हवा. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क वाफेला अडवत नाही. घासताना उलट गरज असते, तिथे धुळीचा चांगला मास्क लागतो. अर्धवट पक्क्या झालेल्या रेझिनची धूळ सर्वांत वाईट, कारण तिच्यात क्रिया न झालेला अंश असतो. घासायची घाई करू नका.

काचेसारखी चकाकी नको असेल तर?

पूर्ण पक्कं झाल्यावर ४०० आणि मग ६०० नंबरच्या पेपरने पाणी घेऊन एकसारखं घासा, किंवा वरून मॅट पॉलियुरेथेनचा हात द्या. मला स्वतःला लाकडावर ही मवाळ झळाळीच जास्त शोभते असं वाटतं, आणि तिच्यावर बोटांचे ठसेही कमी दिसतात.

ओरखडे पडले तर दुरुस्ती होते का?

बारीक ओरखडे ८०० पासून २००० किंवा ३००० पर्यंत चढत्या नंबरने ओलं घासून आणि पॉलिशिंग कंपाउंडने जातात. खोल असतील तर पूर्ण पृष्ठभाग २२० ने घासून नवा थर ओतावा. फक्त तेवढ्याच जागी भरलेलं रेझिन प्रकाशात वेगळं दिसतं.

नंतर काढून टाकता येतं का?

येतं, पण कष्टाने. हीट गनने तापवून मऊ झालं की खरवडणीने सोलायचं आणि राहिलेलं घासायचं. छिद्रांत गेलेलं मात्र निघत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, जुन्या लाखेच्या पॉलिशचं फर्निचर असेल तर त्याला इपॉक्सी देऊ नका. लाखेचं पॉलिश स्पिरिटने उतरवून पुन्हा चढवता येतं, पुढच्या माणसाला ती वाट मोकळी राहू द्या.

उरलेलं रेझिन कसं ठेवायचं, कसं टाकायचं?

झाकण घट्ट लावून, सावलीत, खोलीच्या तापमानाला. दोन्ही डब्यांची झाकणं अदलाबदल होऊ देऊ नका, नाहीतर ती कायमची चिकटतात. थंडीत रेझिन पांढुरकं आणि रवाळ झालं तर ते बिघडलेलं नाही, फक्त त्याचे स्फटिक झालेत. डबा साधारण ५० अंशांच्या गरम पाण्यात ठेवून पूर्ण पारदर्शक होईपर्यंत ढवळा, निवल्यावर वापरा. हार्डनर काळाबरोबर पिवळसर होतो, तो चालतो, पण पारदर्शक थरासाठी त्याचा रंग दिसेल.

कच्चं रेझिन किंवा हार्डनर मोरीत ओतू नका. उरलेले दोन्ही भाग योग्य प्रमाणात कालवा, जुन्या पसरट डब्यात पातळ थर करून घट्ट होऊ द्या आणि पूर्ण थंड झाल्यावरच टाका. ॲसिटोनची फडकी चुरगळून एका ढिगात ठेवू नका, बाहेर उघड्यावर पसरून वाळवा.